लाल गोळी डब्यात नको, पोटात जाऊ द्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याच वस्तीतली एक पोरगी. वय बावीस, दुसरं बाळंतपण, आठवा महिना संपत आलेला. चार पायऱ्या चढली तरी धाप लागते म्हणून तिच्या सासूनं आम्हाला घरी बोलावलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नाहीच. ओठ पांढरे, नखं पांढरी. कार्ड मागितलं. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.४ लिहिलेलं होतं. त्यापुढचे रकाने रिकामे.

"गोळ्या घेते ना गं रोज?" आम्ही विचारलं.

पोरगी सासूकडे पाहू लागली. सासूनं फळीवरून औषधाची बाटली काढली आणि आमच्यापुढे ठेवली. "सरकारी गोळ्या नाही देत मी तिला, सिस्टर. फुकटच्या गोळीत काय दम राहते? हे टॉनिक आणतो मेडिकलमधून. बचत गटातून उचल घेतली, पण टॉनिक चुकू दिलं नाही."

मग तिनं बिस्किटाचा जुना डबा उघडून दाखवला. आशाताईनं वेळोवेळी आणून दिलेल्या लाल गोळ्यांच्या अकरा स्ट्रिप त्यात जशाच्या तशा होत्या. एकशे दहा गोळ्या. एकही फोडलेली नाही.

त्याच दिवशी तपासणी केली. हिमोग्लोबिन ६.८. बाळंतपण तोंडावर आलेलं, आता गोळ्यांना वेळ नव्हता. तिला दवाखान्यात भरती करावं लागलं, रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. वस्तीतली दोन पोरं रक्त द्यायला धावली. पोरगी वाचली, बाळही वाचलं. बाळाचं वजन भरलं दोन किलो शंभर ग्रॅम.

त्या सासूला आम्ही दोष देत नाही. तिनं सुनेसाठी कर्ज काढलं. जे चांगलं वाटलं तेच तिनं आणलं. बाटलीत किती लोह आहे आणि गोळीत किती, हे तिला कुणी कधी समजावून सांगितलं नाही. आम्ही नर्स म्हणून नोकरी करत होतो तेव्हा आम्हीसुद्धा रजिस्टरमध्ये "गोळ्या दिल्या" एवढंच लिहीत होतो. गोळ्या पोटात गेल्या की डब्यात, हे विचारायला वेळ काढला नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आपण एकच हिशेब मांडू. गरोदरपणात लोहाची कोणती गोळी, कोणतं टॉनिक, किती, कसं आणि कधी.

रक्त कमी म्हणजे नेमकं काय

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम ते करतं आणि ते तयार व्हायला लोह लागतं. गरोदरपणात बाईचं रक्त वाढतं, बाळ आणि वार तयार होते, बाळंतपणात रक्त जातं. या सगळ्यासाठी नऊ महिन्यांत मिळून साधारण १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. त्यातलं बरंचसं दुसऱ्या सहामाहीत लागतं. आपल्या भाकरी-भाजीतून रोज अंगी लागणारं लोह या काळात पुरत नाही. खातंपितं घर असलं तरी पुरत नाही. म्हणून गोळी ही आजारी बाईपुरती नाही, प्रत्येक गरोदर बाईसाठी आहे.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हाच आकडा ४५.७ टक्के होता. त्याच पाहणीत दिसलं की गरोदरपणात १८० दिवस किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतलेल्या बाया देशात १०० पैकी फक्त २६ होत्या. गोळी गावोगाव पोचली, पण पोटात गेली नाही.

रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी ती सावरू शकत नाही. ज्या रक्तस्रावातून ११ हिमोग्लोबिनची बाई उठून बसते, त्यातच ६ हिमोग्लोबिनची बाई हातातून जाते. बाळ दिवस भरण्याआधी होणं, कमी वजनाचं होणं, हे धोकेही वाढतात.

हाडासकट वजन आणि नुसतं मटण

आता तुलनेकडे येऊ. मेडिकलमध्ये लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक डझनावारी मिळतात. नावं वेगळी, रंग वेगळे, किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक. यातून निवड कशी करायची?

एकच गोष्ट वाचायला शिका. स्ट्रिपवर किंवा बाटलीवर "एलिमेंटल आयर्न" म्हणजे शुद्ध लोह किती मिलिग्रॅम, ते पाहा. नुसतं लोह गोळीत घालता येत नाही, ते दुसऱ्या पदार्थाशी जोडून घालावं लागतं. आपण बाजारातून किलोभर मटण आणतो, त्यात हाडंही येतात, तसंच हे. मोठ्या अक्षरातला आकडा बऱ्याचदा हाडासकट वजनाचा असतो. आपल्याला हवं ते नुसतं मटण. उदाहरण म्हणून, ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये शुद्ध लोह ६० मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये साधारण ६५. आणि ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये फक्त ३५ च्या आसपास. बाहेरचा आकडा तोच, आतलं लोह जवळजवळ निम्मं.

इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या, किंवा मेडिकलवाल्याला सरळ विचारा, "यात शुद्ध लोह किती?" विचारायला लाजू नका. पैसे आपले आहेत.

कोणती गोळी कशी

सरकारी लाल गोळी. हिच्यात शुद्ध लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाचा नियम आहे. हा कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. उपकेंद्रात, नागरी आरोग्य केंद्रात, आशाताईकडे ती मोफत मिळते. ती फुकट आहे कारण सरकारनं आधीच विकत घेतलेली आहे. फुकट म्हणजे हलकी, असं नाही. लोह तेच आहे. लोह कमी झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन ती चांगलं वाढवते. तिचा खरा दोष एकच. काही जणींना मळमळ, पोटात जळजळ किंवा बद्धकोष्ठ होतं.

या गोळीतल्या फॉलिक ॲसिडची कथा मुंबईच्या गिरणगावाशी जोडलेली आहे. डॉ. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं त्या बाया बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवलं आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज जगभरच्या गरोदर बाया जे घेतात, त्याचा शोध आपल्यासारख्याच कष्टकरी बायांच्या दुखण्यातून लागला.

फेरस फ्युमरेट. सल्फेटचीच बहीण. शुद्ध लोह सारखं असेल तर गुण सारखा, त्रासही जवळपास सारखाच. किंमत कमी. जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळू शकते.

फेरस ॲस्कॉर्बेट. खाजगी डॉक्टर हल्ली बऱ्याचदा हीच लिहून देतात. लोह क जीवनसत्त्वाशी जोडलेलं असतं, त्यामुळे ते चांगलं शोषलं जातं. बहुतेक गोळ्यांत शुद्ध लोह १०० मिलिग्रॅम असतं. काही अभ्यासांत हिमोग्लोबिन थोडं लवकर वाढलेलं दिसतं. गोळी चांगली आहे, पण महाग आहे. लाल गोळीसोबत लिंबूपाणी घेतलंत तर क जीवनसत्त्वाचा फायदा घरच्या घरी मिळतो.

आयर्न पॉलीमाल्टोज. जेवणासोबत घेतली तरी चालते, पोटाला त्रास कमी. पण तुलना करणाऱ्या अभ्यासांत कधी ती सल्फेटच्या बरोबरीला येते, कधी मागे पडते. रक्त बरंच कमी असेल आणि दिवस थोडे उरले असतील तर फक्त हिच्यावर विसंबू नये.

फेरस बिसग्लायसिनेट. ही पोटाला सौम्य आणि चांगली शोषली जाणारी. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात गरोदर बायांना हिचं २५ मिलिग्रॅम लोह रक्त कमी होऊ नये म्हणून दिलं, तेव्हा ते सल्फेटच्या ५० मिलिग्रॅमइतकंच उपयोगी ठरलं. ज्यांना दुसरी कोणतीच गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी चांगला पर्याय. किंमत मात्र जास्त.

टॉनिकच्या बाटल्या. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. बाजारातल्या काही लाल टॉनिकमध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट असतं. लेबलवर १६० मिलिग्रॅम दिसतं, पण त्यातलं शुद्ध लोह साधारण ३३ मिलिग्रॅम. तेही तीन चमचे, म्हणजे १५ मिली घेतलं तर. आपल्याकडे मोजून कोण घेतं? झाकणभर घेतलं, संपलं. त्यात फेरिक प्रकारचं लोह फेरसपेक्षा कमी शोषलं जातं. म्हणजे उचल घेऊन आणलेल्या बाटलीतून त्या पोरीला जे मिळत होतं, ते डब्यातल्या फुकटच्या एका गोळीपेक्षाही कमी होतं. गोळी गिळताच येत नसेल तर पातळ औषध डॉक्टरांना विचारून घ्या, शुद्ध लोह पाहून घ्या आणि मापानं घ्या.

सार इतकंच. शुद्ध लोह पुरेसं असेल तर गोळ्या-गोळ्यांमधला फरक लहान आहे. रोज घेतलेली आणि न घेतलेली गोळी यांतला फरक मात्र फार मोठा आहे. जी गोळी सोसते आणि शेवटपर्यंत परवडते, ती आपल्यासाठी चांगली. बहुतेक घरांसाठी ती लाल गोळीच आहे.

गोळी अंगी कशी लागेल

गोळी गिळली म्हणजे लोह रक्तात गेलं असं नाही. आतड्यानं ते शोषायला हवं. इथे आपल्या घरच्या सवयी आड येतात.

पहिली सवय चहाची. चहा-कॉफीमुळे लोह आतड्यातच अडकतं. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. जेवणाला लागून घेतलेला चहा जेवणातलंही लोह वाया घालवतो.

दुसरी चूक कॅल्शियमची. गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. दोन्ही स्ट्रिप एकाच पिशवीत, म्हणून दोन्ही गोळ्या एकाच घोटात. असं करू नका. कॅल्शियम लोहाला अडवतं. दोघींमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी न्याहारीनंतर कॅल्शियम, संध्याकाळी सहा-सातला दुसरी कॅल्शियम आणि रात्री झोपण्याआधी लोह, असं ठरवलं की गोंधळ होत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या दोन गोळ्या सांगितल्या असतील तर दुसरी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी घ्या. दूध आणि पित्ताची औषधंही लोहासोबत नकोत.

गोळी रिकाम्या पोटी सगळ्यात चांगली शोषली जाते, पण रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. जेवणानंतर एक-दीड तासानं, लिंबूपाणी किंवा आवळ्याच्या फोडीसोबत घेणं हा मधला मार्ग आहे.

दोन दिवस विसरलात म्हणून तिसऱ्या दिवशी तीन गोळ्या एकदम घेऊ नका. लोह पोटात गेलं की शरीर हेप्सिडिन नावाचा पदार्थ सोडतं आणि तो काही काळ आतड्याचं दार लोटून घेतो. एकदम घेतलेलं जादा लोह अंगी लागत नाही, पोट मात्र बिघडवतं. झुरिचच्या संशोधकांनी गरोदर नसलेल्या, लोह कमी असलेल्या तरुण बायांवर केलेल्या अभ्यासात दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं गेल्याचं दिसलं. गरोदर बाईसाठी आपल्याकडचा नियम रोज गोळीचाच आहे. पण रोजची गोळी कुणाला अजिबातच सोसत नसेल तर बंद करण्यापेक्षा दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

त्रास होतो म्हणून सोडू नका

वस्तीत गोळी सोडायची जी कारणं आम्ही ऐकतो, त्यांची उत्तरं अशी.

"शी काळी होते." होते. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्याचा तो रंग. काळजीचं कारण नाही.

"मळमळ होते." झोपताना घ्या. तरीही झाली तर आठवडाभर थोडं खाल्ल्यावर घ्या. सवय झाली की बहुतेक जणींचा त्रास कमी होतो.

"संडासला घट्ट होते." पाणी वाढवा, पालेभाजी, पेरू, मोड आलेली कडधान्यं खा. जमत नसेल तर गोळी बदलून मागा. बदलणं आणि बंद करणं यांत फरक आहे.

"गोळी गरम पडते. बाळ काळं होतं. बाळ मोठं होऊन अडतं, मग सिझर करावं लागतं." या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही. गोळीनं बाळ अडण्याइतकं मोठं होत नाही. कमी वजनाचं बाळ सोपं निघतं असं ज्या म्हाताऱ्या सांगतात, त्यांनी त्या काळी किती बाळं हातची गेली तेही आठवून पाहावं.

"आम्ही बीट, खजूर, गूळ खातो, गोळी कशाला?" खा, जरूर खा. पण बीट लाल दिसतं म्हणून रक्त वाढवतं असं नाही. ताटात मटण, सुकट, अंडी असू द्या. कलेजी, रक्ती नीट शिजवून अधूनमधून, थोडी. मांसातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा चांगलं अंगी लागतं. शेवग्याचा पाला, अंबाडी, चवळी, मटकी, हरभरे यांवर लिंबू पिळा. मात्र हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या बाईचं रक्त नुसत्या जेवणानं वेळेत भरून निघत नाही. जेवण आणि गोळी दोन्ही हवीत.

आणखी एक सूचना. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. लाल, गोड आवरणाच्या गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात. लहान मुलानं मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

गोळीनं भागत नाही तेव्हा

हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर सरकारी नियमाप्रमाणे दिवसाला दोन लाल गोळ्या आणि महिन्यानं पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणी चुकवू नका. महिनाभर गोळ्या नीट घेऊन हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमनं वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात कारण शोधावं लागतं.

५ ते ६.९ असेल तर शिरेतून लोह द्यावं लागतं. त्यासाठी आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वापरतात. दिवस भरत आले असतील आणि गोळ्यांना वेळ उरला नसेल तेव्हाही डॉक्टर हा मार्ग घेतात. पहिल्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन देत नाहीत. आणि ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं, गल्लीतल्या दवाखान्यात "ताकदीची सलाईन" म्हणून नाही. त्या सलाईनमध्ये बऱ्याचदा मीठ-साखरेच्या पाण्यापलीकडे काही नसतं.

५ च्या खाली असेल तर कोणताही महिना असो, तातडीनं भरती. शेवटच्या तीन महिन्यांत ७ च्या खाली असेल तरीही भरती, जिथे रक्त मिळेल तिथेच. बसल्या जागी धाप लागणं, छातीत धडधड, पायावर-तोंडावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणं दिसली तर तारखेची वाट पाहू नका. १०२ वर फोन केला की गरोदर बाईसाठी गाडी मिळते. २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला तपासण्या, औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. तो आपला हक्क आहे. पैसे मागितले तर पावती मागा.

जंताचं औषधही विसरू नका. जंत आतड्यातून रक्त पितात. चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोलची एक गोळी डॉक्टर-नर्सच्या सल्ल्यानं घ्यायची असते. पहिल्या तीन महिन्यांत नाही.

सिकलसेलची तपासणी केली का?

विदर्भातल्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला हवं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात बराच आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. रक्त कमी दिसतं, पण कारण लोहाची कमतरता असेलच असं नाही. अशा रुग्ण बाईला तपासणी न करता महिनोन्‌महिने लोह देत राहणं बरोबर नाही. तिला फॉलिक ॲसिड लागतं. लोह द्यायचं की नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतात.

सिकलसेलची वाहक बाई मात्र वेगळी. नुसतं वाहक असल्यानं रक्त कमी होत नाही. तिचं हिमोग्लोबिन कमी असेल तर बहुतेक वेळा लोहच कमी असतं आणि तिला गोळी लागते. "मी सिकलसेलवाली, मला आयर्न चालत नाही," असं म्हणून वाहक बाया गोळ्या सोडतात, ती चूक आहे. आपण रुग्ण की वाहक हे कार्डावर लिहून घ्या.

बोटातल्या थेंबावर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सोपी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी होते. नवऱ्याचीही तपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लवकर कळलं तर डॉक्टरांशी वेळेत बोलता येतं. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणी मागा, ती मिळते.

घरातल्यांनी काय करायचं

गोळी बाईनं घ्यायची, पण ती चुकू नये हे पाहणं साऱ्या घराचं काम आहे. कॅलेंडर भिंतीवर असतंच. रोज रात्री गोळी घेतली की त्या तारखेवर नवऱ्यानं किंवा सासूनं खूण करावी. रात्रीचा चहा गोळीच्या वेळेपासून लांब ठेवावा. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी मजुरीचा खाडा झाला तरी चालेल, पण बाईला घेऊन जावं आणि हिमोग्लोबिनचा आकडा कार्डावर लिहिल्याशिवाय परतू नये.

विहारात महिला मंडळ जमतं तेव्हा एकदा सगळ्या गरोदर बायांची कार्डं काढून पाहा. कुणाचा रकाना रिकामा आहे? कुणाच्या घरी डबा भरलेला आहे? रागावू नका, हसू नका. नुसतं विचारा, "गोळी का जात नाही गं?" उत्तर ऐका. त्या उत्तरातच उपाय असतो.

त्या पोरीचं बाळ आता आठ महिन्यांचं आहे. बाळंतपणानंतरच्या १८० दिवसांच्या गोळ्या तिनं पूर्ण केल्या. गेल्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ११.६ निघालं. बिस्किटाचा तो डबा अजून फळीवर आहे. परवा तिच्या सासूनं तो उघडून दाखवला. आत सुई-दोरा आणि बटणं होती.

"गोळ्या कुठे गेल्या, मावशी?" आम्ही विचारलं.

"जिथे जायच्या होत्या तिथे," ती म्हणाली. "आता शेजारणीची सून आहे पाचव्या महिन्यात. तिच्या घरचा डबा पाहून आली मी काल."